भाजणीचा धूर

"सायबान इचारल्यान, धुराचो त्रास होता काय, तर काय सांगशीत?"

दाजी खळ्यात खुर्ची टाकून बसले होते. समोर दत्तूकाका शाळेतल्या पोरासारखे हात मागे बांधून उभे.

"काय एक त्रास नाय, सांगतलंय."

"खोकलो?"

"नाय."

"डोळे?"

"चष्मो सुदीक लागाक नाय अजून."

"शाबास! आणि भाजणीच्या डरमार कधीपासून आसस?"

"लगीन झाल्यापासून. आधी बायको गावली, मग डरम. दोनय अजून तापतंत."

पडवीत काजूगर सोलत बसलेल्या बायका फसकन हसल्या. त्यांच्यातली शेवंती तर सुपावरच कलंडली. दाजींनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण त्यांच्याही मिशीत हसू होतं. "ह्यां बायकोचां थय सांगू नको," ते म्हणाले. "बाकी सगळां ब्येस."

दाजी राऊळ म्हणजे माझे सासरे. मांगरवाडीतला काजूचा कारखाना त्यांनी उभा केलेला, सुरुवातीला भाजणीही स्वतःच करून. माझे यजमान बोटीवर स्वयंपाकी, वर्षातून एकदा घरी यायचे. त्यामुळे हळूहळू कारखान्याचं सगळं माझ्या अंगावर आलं. परवानाही माझ्याच नावावर होता. बायकांच्या उद्योगासाठी सरकारची कसलीशी योजना होती, म्हणून दाजींनी तो माझ्या नावावर केला होता. "नाव तुझां, कारखानो माझो," ते हसत हसत सांगायचे, आणि मलाही त्यात काही वावगं वाटत नसे.

आमच्याकडे काजू भाजायची रीत जुनी. जाळावर तिरका लोखंडी ड्रम, त्यात काजूबिया ओतायच्या आणि ड्रम फिरवत राहायचा. टरफलातलं तेल पेट घेतं, बिया आतल्या आत जळत पुढे सरकतात, आणि दुसऱ्या तोंडातून काळ्या कुळकुळीत होऊन बाहेर पडतात. या सगळ्यात जो धूर निघतो तो साध्या लाकडाच्या धुरासारखा नसतो. पिवळट, जड, चिकट. डोळ्यांत गेला की मिरची गेल्यासारखं होतं आणि घशात उतरला की दिवसभर घसा खवखवतो. पण त्याच धुरातून गराला एक खमंग वास यायचा. त्या वासावर दाजींनी नाव कमावलं होतं. गोव्यापासून मुंबईपर्यंत लोक 'राऊळांचे भाजके काजू' मागायचे.

त्या वर्षी हवेच्या प्रदूषणाचे नवीन नियम आले. ड्रमची उघडी भाजणी बंद करा, नाहीतर धूर धुऊन काढणारी यंत्रणा आणि उंच धुराडं बसवा. असली यंत्रणा आमच्यासारख्या कारखान्याच्या आवाक्यातली नव्हती. नियम कागदावरच राहिला असता, पण आमच्या शेजारी लवू परबांची हापूसची बाग होती. वारा फिरला की आमचा धूर सरळ त्यांच्या मोहरावर जायचा. त्या साली त्यांच्या आंब्यावर काळी साय बसली आणि व्यापाऱ्याने सगळ्या पेट्या परत पाठवल्या. लवू परब तक्रार घेऊन प्रदूषण मंडळाकडे गेले. तोवर ते आणि दाजी रोज संध्याकाळी पत्ते खेळायचे. तक्रार झाली त्या दिवसापासून कॅट कपाटात गेला.

मंडळाच्या एक बाई येऊन गेल्या. शिंगाडे त्यांचं नाव, घाटावरच्या. त्यांनी हवा खेचणारं यंत्र लवूंच्या कलमाला टांगलं. दुसऱ्या दिवशी त्यातला पांढरा कागद तव्याच्या बुडासारखा काळा झालेला आम्ही सगळ्यांनी पाहिला. त्यानंतर नोटीस आली. आम्ही मुदत वाढवून मागितली आणि सुनावणी पुढल्या वर्षी, ओरोसला जिल्ह्याच्या कचेरीत ठरली.

तालुक्यातले सगळे काजूवाले आमच्या सुनावणीकडे डोळे लावून बसले होते. राऊळांना मुदत मिळाली तर सगळ्यांना मिळणार होती. अर्जात आम्ही लिहिलं होतं की, कामगारांना या धुराचा काहीही त्रास नाही. त्याला साक्षीदार म्हणून दत्तूकाका. ड्रमवर त्यांच्याइतका कोणी उभा राहिला नव्हता, आणि माणूस कसा, तर सागाच्या वाशासारखा.

मी तेव्हा पूर्णपणे दाजींच्या बाजूची होते, हे सांगायला हवं. कारखाना बंद पडला तर पडवीतल्या बायका कुठे जाणार होत्या? मी मुदत मिळवायचीच असं ठरवून निघाले होते.

दाजी पहाटेच्या एसटीने इतर कारखानदारांबरोबर पुढे गेले. दत्तूकाकांना घेऊन मी मागून जीपने निघाले. जीप मीच चालवायचे. निघताना शेवंतीने पानात गुंडाळलेली पुडी मागच्या सीटवर टाकली. "वयनी, सायबिणीक द्या," ती म्हणाली. "फुलां बघून मन नरमता बायल माणसाचां."

चैत्र लागायचा होता. ऊन चढलं तशी पुडी तापली आणि सुरंगीचा तो गोड, डोकं धरणारा वास गाडीभर पसरला. मला काच खाली करावी लागली.

"काय वास सुटलो हा, नाय काका?" मी म्हटलं.

"व्हय तर," दत्तूकाका रस्त्याकडे बघत म्हणाले. "मोगरो औंदा बरो फुललो हा."

मी हसले. "मोगरो? काका, सुरंगी ती!"

ते हसले नाहीत. मान वळवून त्यांनी मागच्या सीटकडे पाहिलं. पुडी बंदच होती. मग ते पुन्हा समोर बघायला लागले आणि त्यांचे हात गुडघ्यांवर घट्ट झाले.

सुरंगी आणि मोगरा यात आमच्याकडचं शेंबडं पोरही चुकत नाही. मी गाडी एका आंब्याच्या सावलीत घेतली आणि थांबवली.

"काका, तुमका वास येता मा?"

"येता गे."

"खरां सांगा."

एक ट्रक धुरळा उडवत गेला. मग ते हळूच म्हणाले, "दाजींका सांगू नको. तुका माझ्या नातीची शपथ."

"केव्हापासून?"

"झाली वर्सां. आधी वायच कमी झालो, मग गेलोच. चव सुदीक गेली. माका आता बांगडो आणि दुधी एकच. बायको वाढता, मी सांगतंय, आज बरां झालां हा. तिका तरी कित्याक दुख?"

"आणि भाजणी? तुमी तर वासावर भाजतात ना?"

"लोक सांगतत तसां. मी जाळाचो रंग बघतंय. बियो तडतडतत, तो आवाज आयकतंय. वास येणा नाय म्हणान सांगलंय तर डरमार कोण उभो करतलो माका?"

मी गाडीच्या किल्लीला हात नेला आणि मागे घेतला.

"गेल्या पावसात," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "घरात गॅस सुटलेलो. मी नातीक मांडयेर घेवन चुलीकडेच बसलेलंय. खिशातली विडी काढलंय, काडी ओढणार, तेवढ्यात सून मागच्या परड्यातसून बोंबलत इली. तिका परड्यात वास इलो, वयनी. परड्यात. आणि माका…"

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. "चला," ते म्हणाले, "उशीर होतलो. दाजी वाट बघत असतले."

"काका, तुमी थय जावन काय सांगतलात?"

"शिकयल्यानी ता. दाजींचां मीठ खाल्लंय मी."

आम्ही ओरोसला पोचलो. फुलांची पुडी मी गाडीतच ठेवली.

सुनावणीची खोली लहान होती. एका बाजूला दाजी आणि कारखानदार, दुसऱ्या बाजूला लवू परब एकटेच, मांडीवर आंब्याच्या काळवंडलेल्या पानांची पिशवी घेऊन. मधल्या टेबलाशी शिंगाडेबाई आणि त्यांचे वरिष्ठ, एक वयस्कर गृहस्थ. दत्तूकाकांना पुढे बोलावलं.

"धुराचा काही त्रास होतो का तुम्हाला?"

"काय एक नाय, सायब."

"खोकला? दम लागणं?"

"नाय."

"डोळ्यांना?"

"चष्मो सुदीक नाय माका."

एकही शब्द चुकला नाही. बोलताना ते ताठ उभे होते आणि त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. दाजींनी शेजारच्या कारखानदाराच्या मांडीवर हलकीशी थाप मारली. वरिष्ठ साहेबांनी शिंगाडेबाईंशी काहीतरी कुजबुजून घेतलं आणि मग वर बघत विचारलं, "अर्जदार कोण?"

मी उभी राहिले.

"ताई, कामगारांना त्रास नाही, असं तुमच्या अर्जात आहे. साक्षीदारही तेच सांगतोय. पुढच्या हंगामापर्यंत मुदत द्यायचा विचार करता येईल. तुमचं म्हणणं हेच आहे ना? तसं असेल तर इथे सही करा."

पेन त्यांनी पुढे केलं होतं. दत्तूकाकांची पाठ मला दिसत होती. धुऊन धुऊन विरलेला शर्ट आज त्यांनी इस्त्री करून घातला होता. मी 'होय' म्हटलं असतं तर उद्या सकाळी ते पुन्हा त्या पिवळट धुरात जाऊन उभे राहिले असते, आणि यापुढे माझ्या सहीने उभे राहिले असते. 'नाही, यांना त्रास आहे' म्हटलं असतं तर त्यांनी जपलेलं सगळं मी भर खोलीत उघडं पाडलं असतं. आणि शपथ होती.

"नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"मला मुदत नको. अर्ज मी मागे घेते. आमचा ड्रम आजपासून बंद."

"हेमा!" दाजी खुर्चीतून उठले. "काय बडबडतंस ह्यां?"

शिंगाडेबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "कारण काही?" त्यांनी हळूच विचारलं.

"परवाना माझ्या नावावर आहे," मी म्हटलं. "कारण माझ्याकडेच राहू दे."

अर्ज मागे घेतल्याचं त्यांनी कागदावर लिहिलं आणि मी त्याखाली सही केली. लवू परब पिशवी कवटाळून तसेच बसून राहिले. भांडायला आलेला माणूस, आणि भांडणच संपलेलं.

बाहेर कारखानदारांनी मला घेरलं. कोणी म्हणालं, परबांनी फितवली. कोणी म्हणालं, बाईच्या हातात कारखाना दिला की असंच व्हायचं. दाजी सरळ चालत स्टँडकडे गेले.

दत्तूकाका जीपपाशी उभे होते. मला वाटलं, ते तरी समजून घेतील.

"मी तुमच्यासाठी सायबासमोर खोटां बोललंय," ते म्हणाले. "आणि तुमी माका पोटार मारलात."

"काका, मी कोणाक काय सांगूक नाय."

"नाय सांगलात. पण डरम बंद म्हणजे दत्तू बंद. दुसरां माका येता काय?"

"तुमका दुसरां काम देतलंय मी."

"भीक नको माका," ते म्हणाले आणि तेही स्टँडच्या वाटेने निघून गेले. मी एकटीच जीप घेऊन घरी आले.

पुढचं मी फार विचार करून केलं असं नाही. जीप विकली. दाजींच्या घरात ती गाडी देवासारखी होती, पण ती माझ्या यजमानांनी घेतलेली होती, आणि फोनवर मी त्यांना एवढंच म्हटलं, "आता विचारू नका, नंतर सांगेन." ते म्हणाले, "विक." गोव्याच्या हद्दीवरच्या एका बंद कारखान्यातून जुना बॉयलर आणला. आता बिया जाळायच्या नाहीत, बंद भांड्यात वाफेवर शिजवायच्या, सुकवायच्या आणि मग कटरवर फोडायच्या. टरफलं आपण जाळायची नाहीत, तेलाच्या घाण्यावाल्याला द्यायची. ऐकायला सोपं होतं.

पहिला घाणा कच्चा राहिला, गराचे तुकडे तुकडे झाले. दुसरा इतका शिजला की गर पिवळा पडला. शिवाय वाफेच्या बीत तेल तसंच राहतं, आणि फोडताना ते हातावर उडतं. बायकांच्या बोटांना फोड आले.

"वयनी, डरमाची बी बरी होती," शेवंती म्हणाली. "धूर तरी वरसून जाय. ह्यां थेट कातडेर येता."

मी रबरी मोजे आणले. मोजे घालून बी धरता येत नाही म्हणून त्यांनी ते काढून टाकले. मग मी स्वतः कटरवर बसले. हाताला एरंडेल चोपडायचं, दर थोड्या वेळाने राख लावायची, पुन्हा एरंडेल. आठवडाभरात माझ्या बोटांची सालं निघाली. बायका नुसत्या बघत होत्या. एके दिवशी शेवंती माझ्या शेजारच्या कटरवर येऊन बसली. "सरका वायच," ती म्हणाली. "तुमची बी सगळी वाकडी फुटता." मग बाकीच्याही एकेक करून आल्या.

सावंतवाडीच्या व्यापाऱ्याने गर हातात घेतला, नाकाशी नेला आणि परत पोत्यात टाकला. "पांढरो आसा, देखणो आसा. पण वास खय?" आमची जुनी गिऱ्हाइकं एकेक करून तुटली, काही तर आजवर परत आली नाहीत. इतर कारखानदार मला 'वाफेची राऊळीण' म्हणायचे. मी मालवणातल्या आणि कोल्हापुरातल्या मिठाईवाल्यांची दारं पालथी घातली. त्यांना काजूकतलीसाठी पांढराशुभ्र, वास नसलेला गरच हवा होता. पहिली मोठी मागणी आली ती कोल्हापुरातून.

दत्तूकाकांच्या घरी मी अनेकदा गेले. प्रत्येक वेळी ते परड्यात निघून जायचे आणि त्यांची बायको मला चहा द्यायची. पाऊस सरल्यावर एका सकाळी ते आपणहून कारखान्यात आले आणि दारात उभे राहिले.

"बायकोन हाकलल्यान," ते म्हणाले. "दिवसभर चुलीकडे बसान तिका शिकयतंय म्हणान."

मी त्यांना बॉयलरपाशी नेलं. वाफेचा काटा कुठे आला की थांबायचं, झडप कधी सोडायची, ते दाखवलं. मला वाटलं होतं, ओरोसचा विषय निघेल. तो त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. पंधरवड्यात बॉयलर त्यांचा झाला.

दाजी मात्र सुनावणीपासून कारखान्यात फिरकले नव्हते. माझ्याशी बोलणंही कामापुरतं. असं जवळजवळ वर्ष गेलं.

पुढच्या हंगामात, बायका जेवायला गेल्या होत्या आणि मी आणि दत्तूकाका बॉयलरपाशी होतो, तेव्हा ते काठी टेकत आत आले. बॉयलरकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ कोठीत गेले आणि फळीवरचा जुना पत्र्याचा डबा घेऊन बाहेर आले. त्यावर अजून 'राऊळांचे भाजके काजू' अशी चिठ्ठी होती. त्यांनी झाकण उघडलं, मूठभर गर घेतले, डोळे मिटले आणि छातीभर श्वास घेतला.

"ह्यो!" ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. "ह्यो आमचो वास! बघ, दत्तू. एवढे दिस झाले, तरी ग्येलो नाय. ह्यो डरमाचो वास आसा, हेमा. ह्यो तू मारलंस."

डब्यातल्या जुन्या मालाला पावसात कीड लागली होती. तो आम्ही फेकून दिला होता. आता त्यात होते ते परवाच्या घाण्याचे, वाफेवरचे गर. दत्तूकाकांनीच ते भरून ठेवले होते.

मी दत्तूकाकांकडे पाहिलं. त्यांचा हात झडपेवर तसाच राहिला होता. आधी त्यांना काही कळलंच नाही. मग कळलं, तसा त्यांचा चेहरा एकदम उतरला. दत्तूकाका येण्याआधी त्या ड्रमवर दाजीच उभे राहत होते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ते माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांनी अगदी हळू, डावीकडून उजवीकडे मान हलवली.

"व्हय, दाजी," मी म्हटलं. "चुकलां माझां."

"आता चुकलां म्हणान काय उपयोग?" दाजी म्हणाले. पण त्यांनी दोन गर तोंडात टाकले, खुर्ची ओढली आणि वर्षभरानंतर पहिल्यांदा कारखान्यात बसले. "दत्तू, ह्यो काटो कसलो रे?" त्यांनी विचारलं.

लग्न होऊन आल्यापासून दाजी जेवताना रोज एकच वाक्य बोलायचे: कालवणाक चव नाय. इतकी वर्षं मी मीठ बदललं, मसाला बदलला, नारळ जास्त घातला, आईला विचारून कोकमाची सोलं घातली, आणि मागे जाऊन रडलेही. त्या दुपारी पान वाढलं, तेव्हा त्यांनी पहिला घास घेतला आणि तेच म्हणाले.

"उद्या बरां करतंय, दाजी," मी म्हटलं, आणि त्यांच्या भातावर आणखी कालवण वाढलं.